वेग स्वस्त, दम महाग

नवी गाडी दारात उभी राहिली की परभणीत पेढा तोंडात पडायच्या आधी प्रश्न येतो, ‘टॉप आहे का?’ ‘मिड आहे’ असं सांगणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो आणि मागोमाग एखादं कारण येतं: टॉपला वेटिंग होतं, पाहिजे तो रंग नव्हता, पोरानं घाई केली. टॉप घेणाऱ्याला कसलंच कारण द्यावं लागत नाही. आपल्या गाडीत नेमकं काय काय आहे हे त्याला तरी कुठे नीट ठाऊक असतं! छत उघडतं, तेवढं पुरतं.

हा सोस आता वेगापर्यंत पोचला आहे. खऱ्या अर्थानं स्पोर्ट्स कार म्हणावी अशी गाडी एमएच २२ च्या पाटीवर क्वचितच दिसते, आणि दिसली तर पोरं आधी मोबाइल काढतात. पण ‘स्पोर्ट’, ‘जीटी’, ‘एन लाइन’ अशी शेपटं लावलेल्या साध्या गाड्या वसमत रोडवर रोज दिसतात. शिवाय इथली पोरं पुण्यात, हैदराबादेत आणि थेट टेक्सासमध्ये नोकरीला आहेत. तिकडे बोनसचे पैसे हातात आले की खऱ्या स्पोर्ट्स कारची यादी उघडली जाते आणि गावाकडे फोन येतो. गाडी ठरलेली असते. अडलेलं असतं ते एकाच चौकटीशी: परफॉर्मन्स पॅकेजवर टिक करायची की नाही? फोन घेणाऱ्या काकाला त्यातलं काही कळत नसतं, पण ‘घ्यायचंच तर सगळं घे, नंतर चुटपुट नको’ हा सल्ला त्याच्याकडे तयार असतो.

या सल्ल्यात अर्धं शहाणपण आहे आणि अर्धा सोस. दोन्ही वेगळे करता येतात. परफॉर्मन्स पॅकेज वेग विकतं असं आपण धरून चालतो, आणि विकणाराही तसंच बोलतो. चांगल्या पॅकेजमध्ये वेगाचा वाटा चिमूटभर असतो. उरलेले पैसे दमाचे असतात: एकदा जमलेली गोष्ट दहाव्यांदा, तापलेल्या अंगानं, तितक्याच भरवशानं करण्याची ताकद. ज्याची गाडी कधी तापणारच नाही त्यानं ते घेऊ नये. ज्याची तापणार आहे त्यानं मात्र ते नंतरवर टाकू नये, कारण नंतर ते मिळत नाही.

हे समजून घ्यायला जर्मनीला जायचं कारण नाही. मोंढ्यात ट्रॅक्टर घ्यायला निघालेल्या शेतकऱ्याबरोबर अर्धा तास बसलं तरी पुरे. आपल्या जिल्ह्यात पर्यायी सामानाचा सगळ्यात काटेकोर हिशेब कोणी करत असेल तर तो करतो, आणि त्याला तो काळ्या जमिनीनं शिकवला आहे. ही माती पाणी प्याली की फुगते, चाकाला लोण्यासारखी चिकटते. उन्हाळ्यात तिला मनगट आत जाईल एवढ्या भेगा पडतात. कोरड्यात नांगराला ती दगड असते आणि ओल्यात तिच्यावर टायर जागच्या जागी फिरतो. कंपनी ट्रॅक्टर विकते एचपीवर. बॉनेटवर आकडा मोठ्या अक्षरात असतो. नवखा गिऱ्हाईक ४५ की ५० यातच अडकतो. मुरलेला विचारतो ते वेगळंच: ब्रेक ऑइलमधले आहेत का कोरडे? क्लच डबल आहे का? हायड्रॉलिकची उचल किती? टू व्हील की फोर बाय फोर?

डीलर हूड, बंपर, टॉपलिंक, हिच या गोष्टी घासाघिशीत ‘फुकट’ टाकतो आणि गिऱ्हाईक खूश होतो. मुरलेला त्यावर फार वेळ घालवत नाही. हूड पुढच्या वर्षी लोहाराकडूनही करून घेता येतं. वजन कमी पडलं तर मागच्या टायरांमध्ये पाणी भरून घेता येतं. पाण्याला पैसे पडत नाहीत आणि नको झालं की सोडून देता येतं. पण पुढच्या चाकांना ताकद देणारा एक्सल, त्याकडे जाणारा शाफ्ट आणि गिअरबॉक्समधून निघणारी जोड कारखान्यातच बसते. टू व्हील घेतलेल्या ट्रॅक्टरला ती नंतर लावून देणारा मिस्त्री परभणीत काय, कुठेच शोधू नये. म्हणून पैसे मोजायचे तर तिथे. तेही सगळ्यांनी नाही. चार एकर कोरडवाहूत कपाशी-सोयाबीन करणाऱ्याला वर्षातून चार दिवस लागणारी ओढ भाड्यानं मिळते. त्यानं फोर बाय फोरचं कर्ज काढलं तर हप्ता त्यालाच नांगरून काढेल. ज्याचा धंदाच लोकांची नांगरट करायचा आहे, किंवा गंगाखेड-पाथरीकडे ऊस ओढायचा आहे, त्याचं गणित वेगळं.

आणखी एक गोष्ट ट्रॅक्टरवर नजरेला पडते. सीटच्या खाली टाचेनं दाबायचं एक छोटं पेडल असतं, डिफरन्शिअल लॉकचं. वळताना दोन्ही मागची चाकं वेगवेगळ्या गतीनं फिरावीत म्हणून मध्ये डिफरन्शिअल असतो. पण एक चाक चिखलात सापडलं की तोच डिफरन्शिअल सगळी ताकद त्या फिरत्या चाकाकडे वाहवून टाकतो आणि कोरड्यातलं चाक हातावर हात ठेवून बसतं. ड्रायव्हर टाच दाबतो, दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात, ट्रॅक्टर बाहेर येतो. स्पोर्ट्स कारच्या यादीत ‘लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल’ म्हणून लाखाच्या हिशेबात जे विकलं जातं ते याच दुखण्यावरचं औषध आहे. फरक एवढाच की तिथे चाक चिखलात फिरत नाही, जोरात घेतलेल्या वळणावर आतलं चाक हलकं होऊन फिरतं. आणि टाचेऐवजी यंत्रणा स्वतः, थोडं थोडं, बांधते. ज्यानं आयुष्यात एकदा रुतलेला ट्रॅक्टर काढला आहे त्याला हे समजावायला माहितीपत्रक लागत नाही.

आता खऱ्या स्पोर्ट्स कारकडे जाऊ. अमेरिकेत शेव्हरोलेनं २०२० सालासाठी नवी कॉर्व्हेट आणली, इंजिन मध्यभागी असलेली पहिली. तिचं झेड-५१ नावाचं पॅकेज तेव्हा ५,००० डॉलरला होतं. मूळ गाडीची ताकद ४९० अश्वशक्ती, पॅकेजसह ४९५. पाच अश्वशक्तीला पाच हजार डॉलर, असा भाव लावला तर हा सौदा मूर्खपणाचाच. पण त्या पैशात मोठे ब्रेक येतात, कडक सस्पेन्शन येतं, इलेक्ट्रॉनिक लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल येतो, इंजिन थंड ठेवणारी जास्तीची व्यवस्था येते, चिकट रबराचे टायर येतात, आणि गाडी जमिनीला दाबून धरणारे पुढचे-मागचे पंख येतात. या यादीत सरळ रस्त्यावर गाडी जोरात पळवणारं असं जवळजवळ काहीच नाही. सगळं आहे ते थांबण्याचं, वळण्याचं आणि न तापण्याचं.

हे न घेतल्यानं काय होतं याचं उदाहरण फोर्डनं घालून दिलं. २०१६ च्या शेल्बी जीटी-३५० मस्टँगला ५२६ अश्वशक्तीचं इंजिन होतं, नाव शर्यतीचं होतं, जाहिरात शर्यतीची होती. पण मूळ मॉडेलात गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शिअल थंड ठेवणारे कूलर नव्हते; ते ट्रॅक पॅकेजमध्ये होते. मालकांनी गाडी ट्रॅकवर नेली. काही फेऱ्यांत तेल तापलं, आणि गाडीनं स्वतःला वाचवण्यासाठी ताकद आवरून घेतली. ५२६ अश्वशक्तीची गाडी कण्हत पिटमध्ये यायची. २०१७ मध्ये मालक कोर्टात गेले. तोवर कंपनीनं त्या वर्षीच्या मॉडेलपासून ते कूलर सगळ्याच गाड्यांना दिले होते. ज्यांनी पैसे वाचवले त्यांचा वेग कुठे गेला नव्हता. दम नव्हता.

ब्रेकच्या बाबतीत मोठा गैरसमज आहे, आणि तो पैशाला महाग पडतो. मोठे ब्रेक म्हणजे कमी अंतरात थांबणं, असं लोक समजतात. पहिल्या एका ब्रेकला ते खरं नसतं. साध्या गाडीचे ब्रेकही चाक जाम करण्याइतके जोरदार असतात. म्हणून तर एबीएस लावावं लागतं. त्या क्षणी गाडी किती अंतरात थांबेल हे ठरवतो टायर, रस्त्याला धरून ठेवणारं तळहाताएवढं रबर. मोठ्या ब्रेकची किंमत वसूल होते ती पाचव्या, दहाव्या ब्रेकला. ताशी १२० वरून थांबताना ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा ८० च्या सव्वादोन पट असते, आणि ती सगळी उष्णता होऊन डिस्कमध्ये जाते. ट्रॅकवर हे दर मिनिटाला दोन-तीनदा घडतं. डिस्क निवायला वेळ मिळत नाही, पॅडची पकड सुटते, ब्रेकचं तेल उकळतं आणि पेडल पायाखाली मऊ पडतं. आपल्या रस्त्यावर असा प्रसंग घाट उतरताना येऊ शकतो. तोही गिअरमध्ये न उतरता ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्यालाच. परभणीहून पाथरीला, सेलूला, पूर्णेला जाणाऱ्या सपाट रस्त्यावर ब्रेक तापवायचे तर मुद्दाम प्रयत्न करावा लागेल.

म्हणजे इथे ब्रेकला महत्त्व नाही असं मुळीच नाही. कल्याण-निर्मल महामार्ग पाथरी, मानवत, परभणी करत नांदेडकडे जातो. गळिताच्या हंगामात रात्री त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या चालतात. मागे दिवा नाही, रेडियम नाही, उसाचं वाडं मागे लोंबत असतं. तुमच्या हेडलाइटच्या उजेडात ती ट्रॉली येते तेव्हा ताशी शंभरच्या वेगात एका सेकंदात गाडी अठ्ठावीस मीटर गेलेली असते. तिथे वाचवतो तो पहिलाच ब्रेक, दहावा नाही. म्हणजे चांगला टायर, शाबूत एबीएस, आणि गाडी आडवी होऊ न देणारं ईएसपी. टायर कधीही, कोणत्याही दुकानात मिळतो. ईएसपी मात्र आजही अनेक गाड्यांच्या खालच्या मॉडेलात नसतं, आणि ते नंतर लावता येत नाही. ज्या माणसाला मी ‘टॉप घे’ म्हणेन तो या रस्त्यानं रात्री जाणारा. छतासाठी नव्हे, यादीच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेल्या या तीन अक्षरांसाठी.

आपल्याकडच्या ‘स्पोर्ट’ गाड्यांना हीच कसोटी लावली तर गमतीशीर निकाल लागतात. मारुतीनं २०१७ मध्ये बलेनो आरएस आणली. एक लिटरचं टर्बो इंजिन, साध्या बलेनोपेक्षा जास्त ताकद, चारही चाकांना डिस्क ब्रेक. कागदावर सौदा बरा होता. लोकांनी पाठ फिरवली, २०२० उजाडताना ती बंद झाली. ह्युंदाईनं २०२१ मध्ये आय-२० एन लाइन आणली. तिच्यात इंजिन साध्या टर्बो आय-२० चंच, १२० अश्वशक्तीचं. एकाही अश्वाची भर नाही. लोक हसले: लाल रेघा आणि दोन नळकांड्यांचे पैसे घेतात म्हणे. पण त्या रेघांखाली सस्पेन्शन कडक केलेलं होतं, स्टिअरिंग जड केलेलं होतं आणि मागच्या ड्रमच्या जागी डिस्क होत्या. रेघा आणि नळकांडी परभणीच्या स्टेशन रोडवरही मिळतात. सस्पेन्शनची ती घडण मिळत नाही. गिऱ्हाइकानं पैसे मोजले रेघांसाठी आणि पदरात पडलं काहीतरी बरं. हा योगायोगच म्हणायचा.

इथे कंपन्यांची चलाखीही ओळखायला हवी. त्या कामाची गोष्ट एकटी विकत नाहीत. डिफरन्शिअल हवा असेल तर मोठ्या रिम घ्याव्या लागतात, कूलर हवा असेल तर लाल शिवणीच्या सीट. कारखान्याला हजार तऱ्हेच्या गाड्या जुळवणं परवडत नाही हे कारण खरं आहे, पण ते अर्धं कारण. नफा शिवणीत असतो, कूलरमध्ये नाही. त्यामुळे पॅकेजची किंमत बघताना मी एक साधी रीत सुचवेन. यादीतलं जे जे नंतर बाजारात मिळतं त्याची बाजारातली किंमत वजा करा. रिम, टायर, पॅड, सीटची कव्हरं, पंख. उरतो तो आकडा कारखान्यात बसणाऱ्या गोष्टींचा. तो आकडा तुम्हाला पटतो का, एवढाच प्रश्न राहतो. बरेचदा उरतं ते फार थोडं, आणि कधी कधी पॅकेज चक्क स्वस्तात पडतं.

‘नंतर बाजारात मिळतं’ याला आपल्या देशात आणखी एक अट आहे. अमेरिकेत माणूस सस्पेन्शन बदलतो, टर्बो बसवतो, कोणी फारसं विचारत नाही. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याचा अर्थ स्पष्ट केला: उत्पादकानं ठरवून दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत फेरफार करता येणार नाही. सायलेन्सर बदललेल्या बुलेटवाल्यांना हे माहीत आहे; पोलिसांनी रस्त्यावर सायलेन्सर मांडून वरून रोलर फिरवलेला त्यांनी पाहिला आहे. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर येतो तेव्हा हे कलम आणखी टोचतं. म्हणून कारखान्यातून आलेली, नोंदणीत बसणारी गोष्ट आणि गॅरेजमध्ये लावलेली गोष्ट यांची किंमत इथे सारखी धरता येत नाही. जुगाडात पुढे असलेल्या आपल्या मुलखाला हे पचायला जड जातं.

कराचं गणितही फॅक्टरीच्या पॅकेजला चिकटून येतं. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीवरचा एकरकमी कर किमतीच्या टक्क्यांत आहे: दहा लाखांपर्यंत ११, वीसपर्यंत १२, त्यावर १३. समजा गाडी ९ लाख ८० हजारांची आहे आणि साठ हजारांच्या पॅकेजनं ती १० लाख ४० हजारांवर गेली. कर १ लाख ७ हजार ८०० वरून १ लाख २४ हजार ८०० वर जातो. साठ हजारांची वस्तू सत्याहत्तर हजारांना पडली, वर दरसालच्या विम्यात भर. शोरूममधला पोरगा हे सांगत नाही. तो सांगतो, ‘सर, हप्त्यात फक्त हजार-बाराशेचा फरक.’ परदेशातून तयार येणाऱ्या महागड्या स्पोर्ट्स कारवर तर सीमाशुल्क शंभर टक्क्यांच्या घरात जातं; तिथे प्रत्येक टिकेची किंमत दुप्पट होऊन मुंबईत उतरते. स्टुटगार्टमध्ये बसलेल्या माणसानं ‘घेऊन टाक’ म्हणणं आणि परभणीतल्या माणसानं म्हणणं यात हा फरक आहे.

परभणीतला एक मुद्दा मात्र पॅकेजच्या बाजूचा आहे: ऊन. एप्रिल-मे मध्ये इथला पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो. तापलेली हवा विरळ असते. ४५ अंशांच्या हवेत २५ अंशांच्या हवेपेक्षा प्राणवायू सुमारे सहा टक्क्यांनी कमी भरतो. टर्बो इंजिन दाबून हवा भरतं, पण दाबताना ती आणखी तापते, आणि फार तापली की संगणक इंजिनाचा हात आखडता घेतो. युरोपातल्या थंडीत मोजलेले आकडे मे महिन्याच्या दुपारी मानवत रोडला मिळत नाहीत. म्हणून रेडिएटर, इंटरकूलर, ऑइल कूलर या कंटाळवाण्या शब्दांना इथल्या माणसानं जास्त मान द्यावा. गाडीच्या फोटोत ते दिसत नाहीत, शेजाऱ्याला दाखवता येत नाहीत, आणि त्यांच्यावर लाल रंग मारलेला नसतो. यादीत तेच सगळ्यात प्रामाणिक असतात.

रस्ता मात्र उलट बाजूनं बोलतो. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला. परभणीकर जिंतूर-मंठ्यावरून जालन्याला जाऊन त्यावर चढतो आणि मोकळ्या काँक्रीटवर ताशी १२० च्या मर्यादेत पळतो. परभणीवरून जाणाऱ्या जालना-नांदेड द्रुतगती मार्गाचीही चर्चा घरोघरी आहे. त्यामुळे ‘आता गाडीही तशीच पाहिजे’ असा सूर निघाला. पण १२० ला आजची कुठलीही बरी गाडी पोचते आणि तिथे तासन्‌तास राहते. समृद्धीवर कमी पडले ते टायर. सुरुवातीच्या काळात टायर फुटून इतके अपघात झाले की परिवहन खात्याला प्रवेशाच्या ठिकाणीच टायर तपासायला बसावं लागलं. घासलेल्या, हवा कमी असलेल्या टायरवर गाडी तासभर एका वेगात पळवणं हे आपलं दमाचं गणित. ते सुटायला पॅकेज लागत नाही, हवा भरायच्या यंत्रापाशी पाच मिनिटं थांबावं लागतं.

आणि समृद्धीवरून खाली उतरलं की काळ्या मातीवरचा रस्ता सुरू होतो, जो दर पावसाळ्यात खालून श्वास घेतो. मोठी रिम आणि चपटा टायर दिसायला रुबाबदार. पण खड्ड्याच्या कडेवर त्या टायरला उशी नसते. बाजूला फुगा येतो, रिम वाकते. स्पोर्ट पॅकेजमधली सतरा-अठरा इंची चाकं काढून सोळाची लावणारे लोक मी पाहिले आहेत. पॅकेजचा दृश्य भाग त्यांनी पैसे देऊन घेतला आणि पैसे देऊन काढला.

एक बाजू अशी आहे जिनं हा सगळा वाद अलीकडे उघडा पाडला. टेस्लानं २०१९ मध्ये मॉडेल-३ च्या मालकांना २,००० डॉलरला जास्तीचा जोर विकायला काढला, निव्वळ सॉफ्टवेअरनं. मेकॅनिक नाही, पाना नाही. रात्री गाडी अंगणात उभी असताना ती जोरदार झाली. मर्सिडीजनं २०२२ मध्ये अमेरिकेत आपल्या विजेच्या गाड्यांसाठी तोच प्रकार वर्षाला १,२०० डॉलरच्या भाड्यानं देऊ केला. लोक चिडले, आणि चिडण्याजोगंच होतं ते. मोटर आपल्या पैशांची आणि तिचा जोर भाड्याचा! पण त्यातून कळतं ते असं की वेग ही आता गाडीतली सगळ्यात सहज नंतर मिळणारी गोष्ट झाली आहे. मोबाइलच्या रिचार्जसारखी. डिस्कचा आकार, कूलरच्या नळ्या, डिफरन्शिअलमधले क्लच अजून कुठल्याही तारेतून येत नाहीत. पूर्वी लोक ताकद आज घ्यायचे आणि बाकीचं बघू म्हणायचे. आता उलट करायला हरकत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे: सगळंच उपयोगात मोजायचं का? स्पोर्ट्स कार मुळात गरजेची वस्तू नाही. ज्यानं ती घेतली त्यानं हिशेब आधीच बाजूला ठेवला. मग पॅकेजपाशी येऊनच हिशेबाची वही का उघडायची? आपल्या भागात शंकरपटाची जोडी पाळणारे आहेत. २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींच्या कायद्याला मान्यता दिली तेव्हा गावोगाव गुलाल उधळला. त्या बैलांच्या खुराकाचा हिशेब घरच्या बाईनं मांडला तर घरात भांडण होईल. तरी त्या माणसाला कोणी मूर्ख म्हणत नाही. त्याला शौक म्हणतात, आणि शौकाला मान आहे.

मला हा आक्षेप मान्य आहे, एका अटीवर. शंकरपटाचा माणूस बैल पळवतो. पटावर नेतो, घड्याळ लावतो, हरला की पुढच्या हंगामाची तयारी करतो. बैलाला खारीक चारून तो गोठ्यात बांधून ठेवत नाही आणि पाहुण्यांना फक्त ‘टॉप आहे’ असं सांगत नाही. ज्याला परफॉर्मन्स पॅकेजचा खरा शौक आहे त्यानं वर्षातून एकदा तरी गाडी कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेवर, चेन्नईच्या सर्किटवर किंवा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर न्यावी. तिथे कळतं की दमाची किंमत काय असते, आणि बहुतेकांना हेही कळतं की गाडीच्या आधी आपलाच दम संपला. ज्याला तिथे जायचंच नाही, त्यानं तेच पैसे चांगल्या टायरांत, दर दोन वर्षांनी ब्रेकचं तेल बदलण्यात आणि एक दिवस कुणाकडून तरी जोरात गाडी चालवायला शिकण्यात घातले तर रस्त्यावर त्याची गाडी पॅकेजवाल्यापेक्षा चांगली जाईल. फोटोत नाही जाणार.

पुन्हा विकताना पैसे वसूल होतील हा युक्तिवाद मी फारसा धरत नाही. आपल्याकडे जुनी गाडी बघायला येणारा किलोमीटर विचारतो, मालक कितवा ते विचारतो, कुठे ठोकली आहे का म्हणून दाराच्या रबराखाली नख घालून रंग बघतो. सस्पेन्शन कुठलं हे विचारणारा गिऱ्हाईक यायला नशीब लागतं.

राहता राहिला तो फोन. समजा पोरानं पोर्शे ९११ ची यादी समोर ठेवली आणि गाडी मराठवाड्यातच फिरवायची आहे. त्या यादीत स्पोर्ट क्रोनो पॅकेज आहे: डॅशबोर्डवर घड्याळ, आणि शून्य ते शंभर ४.१ ऐवजी ३.९ सेकंदांत. तो पंचमांश सेकंद कुठे मोजायचा? सिरॅमिक ब्रेक आहेत: पिवळे कॅलिपर, लोखंडीच्या निम्म्या वजनाच्या डिस्क, आणि किंमत अशी की त्यात इथे एक बरी गाडी येते. ते तापवायला परभणीत जागा नाही. या दोन्ही चौकटी मी रिकाम्या सोडेन. पण त्याच यादीत, पॅकेजच्या झगमगाटात हरवून जाईल अशी एक ओळ आहे. बटण दाबलं की गाडीचं नाक चाळीस मिलिमीटर वर उचलणारी व्यवस्था. तिनं गाडी तसूभरही जोरात पळत नाही आणि कुठल्याही ट्रॅकवर तिचा उपयोग नाही. पण ती कारखान्यातच बसते, नंतर मिळत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच असावा असं लिहिलं आहे. आपल्या गावांनी ते माप वाचलेलं नाही. शाळेपुढे, देवळापुढे, सरपंचाच्या घरापुढे अरुंद आणि उभे उंचवटे घातलेले असतात, पांढरे पट्टे पहिल्या पावसात वाहून गेलेले. परभणी ते जिंतूर एवढ्यातच त्या बटणाचे पैसे फिटतील.